मागची भिंत उघडताना: फोल्डिंग दरवाजाच्या मापाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली भागात घरं वाढवण्याची कामं मी बरीच वर्षं करते आहे. परसदारी एक खोली वाढवायची आणि तिची एक बाजू काचेच्या घडीच्या दरवाजाने पूर्ण उघडी करायची, ही मागणी अलीकडे फार येते. मला ती मनापासून आवडते, कारण आपल्याकडच्या जुन्या घरांचा सोपा (ओसरी) असाच अंगणाकडे उघडा असायचा. पेठेतली जुनी दुकानंही रात्री नंबर टाकलेल्या फळ्या एकेक करून बसवत आणि सकाळी काढून ठेवत, म्हणजे अख्खं दुकान रस्त्याला मोकळं. मात्र हा दरवाजा मापाच्या बाबतीत फार काटेकोर आहे. साध्या दाराला अर्धा इंच कमी-जास्त झालं तर सुतार रंधा मारून निभावून नेतो, इथे तसं निभत नाही.

फोल्डिंग आणि स्लायडिंग यांत नेमका फरक काय?

स्लायडिंगमध्ये झडपा एकमेकींच्या मागे सरकतात. दोन ट्रॅक असतील तर निम्मं ओपनिंग उघडतं, तीन ट्रॅक असतील तर दोन तृतीयांश. फोल्डिंगमध्ये झडपा बिजागऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि घडी होऊन एका कडेला जातात. १२ फुटांच्या ओपनिंगचा हिशेब करा. दोन ट्रॅकचं स्लायडिंग ६ फूट मोकळं देतं, तीन ट्रॅकचं ८ फूट, आणि चार झडपांचं फोल्डिंग जवळपास ११ फूट. घडी झालेल्या प्रत्येक झडपेला साधारण तीन इंच जागा लागते, तो एक फूट तेवढा जातो.

बंद असताना मात्र स्लायडिंग जास्त मोकळं दिसतं, कारण त्याच्या काचा रुंद आणि उभ्या पट्ट्या कमी. दार वर्षातून चार वेळाच पूर्ण उघडणार असेल आणि एरवी आतून बागच बघायची असेल, तर स्लायडिंग घ्या असं मी स्पष्ट सांगते.

आमची मागची भिंत १५ फुटांची आहे. ओपनिंग किती फुटांचं ठेवू?

बहुतेक जण आधी ओपनिंग ठरवतात आणि मग त्यात झडपा बसवतात. माझं सांगणं उलट आहे: आधी झडपेची रुंदी ठरवा. दरवाजा बनवणारा फॅब्रिकेटर झडपेला शटर म्हणतो. रोजच्या वापरातलं दार म्हणून तुम्ही जी झडप उघडणार, तिच्यातून हातात कपड्यांची बादली घेऊन सरळ जाता आलं पाहिजे. त्यासाठी अडीच ते तीन फूट रुंदी लागते. दोन फुटांच्या खाली गेलात तर दार कमी आणि गजांची खिडकी जास्त वाटते. सव्वातीन फुटांच्या वर गेलात तर बिजागऱ्यांवर आणि रोलरवर भार वाढतो आणि झडप पुढच्या कोपऱ्यात खाली उतरू लागते.

ही रुंदी ठरली की ओपनिंग आपोआप ठरतं. तीन झडपांना साधारण ८ ते ९ फूट, चारांना १० ते १२, पाचांना १३ ते १५. चौकटीच्या दोन उभ्या बाजूंचे मिळून चार-पाच इंच यातच धरा. ९ फुटांत चार झडपा किंवा १२ फुटांत तीन झडपा, असं ओढूनताणून केलेलं काम मी बिघडताना पाहिलं आहे.

तुमच्या १५ फुटांच्या भिंतीत १५ फुटांचं ओपनिंग घेऊ नका. दोन्ही कोपऱ्यांत भिंत राहू द्या. तिच्यावर पडदा सरकून बसतो, स्विचबोर्ड येतो आणि घराचा कोपराही शाबूत राहतो. घर लोड-बेअरिंग, म्हणजे कॉलमशिवाय भिंतींवरच उभं, असेल तर पुढे भिंत पाडण्याचा प्रश्न आहे, तो आधी वाचा.

झडपा तीन घ्याव्यात की चार? सम-विषमाने काय फरक पडतो?

फार फरक पडतो, आणि हा प्रश्न दुकानात बहुधा कुणी विचारत नाही.

तीन झडपा एकाच बाजूला घडी होत असतील, तर शेवटची झडप साध्या दारासारखी एकटी उघडते. बाकीच्या दोन बंदच ठेवून तुम्ही ये-जा करू शकता. चार झडपा एकाच बाजूला घेतल्या, किंवा दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे घेतल्या, तर असं एकटं दार मिळत नाही. दूध घ्यायला, तुळशीला पाणी घालायला, मांजराला हाकलायला दर वेळी दोन झडपांची घडी करावी लागते. दोन महिन्यांत माणूस कंटाळतो आणि तो दरवाजा कायमचा बंद होतो.

नियम सोपा आहे: निदान एका बाजूला विषम झडपा हव्यात. चार झडपा असतील तर तीन एकीकडे आणि एक दुसरीकडे करा, ती एकटी झडप रोजचं दार होते. पाच असतील तर कशाही वाटल्या तरी एका बाजूला विषम येतातच.

हे रोजचं दार कुठल्या कडेला ठेवायचं, याचा निर्णय घरातली जी व्यक्ती दिवसातून सगळ्यात जास्त वेळा परसात जाते तिला घेऊ द्या. बहुधा ते स्वयंपाकघराच्या बाजूला येतं.

उंची ७ फूट ठेवावी की ८?

बाकीच्या खिडक्या-दारांच्या लिंटेलची, म्हणजे त्यांच्या डोक्यावरच्या आडव्या पट्टीची, पातळी ७ फुटांवर असेल आणि वाढीव खोली लहान असेल, तर ७ फूटच छान दिसतं. खोली १२ बाय १५ किंवा मोठी असेल तर ८ फूट. त्यासाठी फरशीपासून स्लॅबपर्यंत साडेनऊ फूट तरी हवेत, म्हणजे बीम खाली उतरून आणि चौकटीची वरची पट्टी धरूनही ८ फूट हातात राहतात. त्याहून उंच झडपा होतात, पण काचेचं वजन वाढतं आणि वारा लागला की त्या थरथरतात. यवतेश्वराच्या डोंगराच्या बाजूला उघड्यावर घर असेल तर मी ८ फुटांच्या वर जात नाही.

जुन्या घराची मागची भिंत पाडून हा दरवाजा बसवता येईल का?

येईल, पण आधी ती भिंत काय पेलते आहे ते पाहिल्याशिवाय हातोडा लावू नका. साताऱ्यात, वाईत, कराडात पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची कितीतरी घरं लोड-बेअरिंग आहेत, म्हणजे कॉलम नाहीत आणि स्लॅब थेट भिंतींवर बसला आहे. त्याहून जुन्या घरांत दगड-विटा मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या सापडतात. तिथे १२ फूट भिंत काढणं म्हणजे घराचा एक पाय काढणं.

आपण कोयनेच्या शेजारी राहतो. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची पहाट सांगणारी माणसं अजून घराघरांत आहेत आणि लहान धक्के आजही बसतात. भूकंपरोधक बांधकामाचं आयएस ४३२६ हे मानक लोड-बेअरिंग भिंतीत ओपनिंग किती असावं याला मर्यादा घालतं. एकमजली घरात ती भिंतीच्या लांबीच्या साधारण निम्मी आहे, वर मजला असेल तर आणखी कमी. म्हणजे १५ फुटांच्या भिंतीत दारं-खिडक्या मिळून सात-साडेसात फूट. त्याहून मोठं हवं असेल तर दोन्ही बाजूंना आरसीसी कॉलम, त्यांना स्वतःचा पाया आणि वर बीम, अशी पूर्ण चौकट उभी करावी लागते. याचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या. गवंडी कितीही अनुभवी असला तरी हा त्याचा विषय नाही.

१२ फुटांच्या बीमची खोली ढोबळमानाने एक ते सव्वा फूट येते. आता एक गोष्ट नीट समजून घ्या. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे वरचं बांधकाम झाल्यानंतर बीम लांबीच्या ३५० व्या भागाइतका वाकला तरी चालतो. १२ फुटांना तो भाग येतो १० मिलिमीटर. घराच्या दृष्टीने हे सुरक्षित आहे, पण फोल्डिंग दरवाजाला १० मिलिमीटर म्हणजे दार कायमचं अडकणं. काँक्रीट काही वर्षं हळूहळू वाकत राहतं, म्हणून पहिल्या वर्षी गुळगुळीत चालणारा दरवाजा तिसऱ्या वर्षी रुसतो. इंजिनिअरला पहिल्याच भेटीत सांगा की या बीमखाली घडीचा दरवाजा येणार आहे, मला वाक ३-४ मिलिमीटरच्या आत हवा. तो खोली किंवा सळई वाढवून देईल. चौकट आणि बीम यांच्यात १० मिलिमीटरची फट ठेवा आणि तिथे फोम व सिलिकॉन भरा. तिथे सिमेंट भरलं तर बीम थेट चौकटीवर बसतो.

झडपा वरून लटकत्या घ्याव्यात की खालच्या ट्रॅकवर चालणाऱ्या?

नवं आरसीसी काम आणि तगडा बीम असेल तर वरून लटकत्या. खालचा ट्रॅक फक्त दिशा देतो, त्यामुळे कचरा अडकून दार जड होत नाही. जुनी भिंत, जुना लिंटेल, वरच्या भाराची खात्री नाही, अशा ठिकाणी वजन फरशीवर घेणारा खालचा ट्रॅक बरा. फक्त तो रोज झाडावा लागतो.

माप कधी आणि कसं घ्यायचं?

हे मी आमच्या घराच्या अनुभवावरून सांगते, कारण ती चूक आमच्याच घरी झाली.

साताऱ्यात गोडोलीत आमची मागची खोली वाढवली तेव्हा पाऊस तोंडावर होता. काम लवकर व्हावं म्हणून फॅब्रिकेटरने कच्च्या विटांवरच माप घेतलं आणि मी, हे काम रोज करणारी, त्याला थांबवलं नाही. नंतर दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण इंच गिलावा चढला. खाली माल आणि टाईल मिळून फरशी सव्वादोन इंच वर आली. झडपा आल्या तेव्हा त्या ओपनिंगपेक्षा उंच होत्या. अॅल्युमिनियमचं सेक्शन (चौकटीची पट्टी) कापता येतं, पण टफन काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, कापायला गेलं तर तिचा भुगा होतो. चारही काचा नव्याने करायला टाकाव्या लागल्या. त्या तीन आठवड्यांत ओपनिंगला ताडपत्री बांधलेली होती. रात्री वारा सुटला की ती फाडफाड वाजायची आणि सासरे उठून तिच्या खालच्या कडेवर वाळूची पोती पुन्हा सरकवायचे. चौथ्या दिवशी एका पोत्याची शिवण उसवली आणि नव्या टाईलवर ओली वाळू पसरली. त्या वाळूचे चरे आजही त्या कोपऱ्यात दिसतात.

तेव्हापासून मी हा क्रम सोडत नाही. बीमचे टेके निघू द्या, ६ मीटरपर्यंतच्या बीमला त्यासाठी किमान १४ दिवस लागतात. गिलावा होऊ द्या. ग्रॅनाइटची पट्टी लावायची असेल तर ती लागू द्या. फरशी झालेली नसेल तर निदान तिची पक्की पातळी भिंतीवर रेघ मारून घ्या. मग माप.

रुंदी तीन ठिकाणी घ्या: खाली, मध्ये, वर. उंचीही तीन ठिकाणी: डावीकडे, मध्ये, उजवीकडे. सगळ्यात कमी आलेला आकडा खरा. मग दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले नाहीत तर ओपनिंग गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. फरक ५ मिलिमीटरच्या वर असेल तर गवंड्याला परत बोलवा, चौकट तिरकी बसवून भागवू नका. दोन्ही बाजूंना ओळंबा सोडा आणि फरशीची पातळी पाण्याच्या नळीने तपासा. हे सगळं झाल्यावर कमीत कमी आकड्यातून प्रत्येक बाजूला १० मिलिमीटर वजा करून चौकटीचं माप काढा.

फुटात सांगू की मिलिमीटरमध्ये?

गवंड्याशी फूट-इंचात बोला, ऑर्डर मात्र मिलिमीटरमध्येच द्या. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरहून थोडं जास्त. ‘अकरा फूट दहा इंच दोन सूत’ हे फोनवर ऐकताना दोन सुतांचं दोन इंच झालेलं मी पाहिलं आहे. ३६१३ लिहिलं की ते ३६१३ च राहतं.

उघडल्यावर झडपा आत घ्याव्यात की बाहेर?

घडी झालेल्या झडपा काटकोनात उभ्या राहतात, म्हणजे झडपेच्या रुंदीइतक्या बाहेर किंवा आत येतात. तीन फुटांची झडप चार फुटांच्या पडवीत उघडली तर त्या कडेने कुणी जाऊ शकत नाही. आत उघडली तर सोफा, पाट-ताटं, दिवाणखान्यातला पाळणा, सगळं तीन फूट मागे घ्यावं लागतं. त्यातून बाहेर उघडणारा बरा, कारण पाऊस झडपेला ढकलून गास्केटवर (रबरी पट्टीवर) दाबतो आणि पाणी आत येत नाही. मात्र बिजागरीच्या पिना बाहेरून काढता येणार नाहीत अशाच घ्या.

माप घेताना झडपेची रुंदी फरशीवर खडूने आखा आणि दोन दिवस घरच्यांना तिथून वावरू द्या. कागदावर न कळणारं सगळं त्या रेघेत कळतं.

पावसाचं पाणी आत येईल का? उंबरा सपाट ठेवला तर चालेल?

तुमचं घर सातारा जिल्ह्यात कुठे आहे त्यावर हे ठरतं. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, माण-खटावकडे पाचशेच्या आसपास. माणमधल्या दहिवडीत सपाट उंबरा खुशाल घ्या, आजी-आजोबांना ठेच लागत नाही. पाटण, जावळी, साताऱ्याची पश्चिम बाजू इथे वर उचललेला उंबराच हवा, कारण पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्या दरवाजावर पाऊस आडवा आपटतो. उंबऱ्याचा इंच-दीड इंच उंचीच्या मापात आधीच धरा. बाहेरची फरशी आतल्यापेक्षा निदान दोन इंच खाली ठेवा, तिला दर चार फुटांना अर्धा-पाऊण इंच उतार द्या आणि दरवाजावर तीन फुटांचा छज्जा काढा. छज्ज्याच्या पागोळ्या उंबऱ्यावर पडत असतील तर छज्जा कमी पडला असं समजा.

सांगलीत नदीकाठी घर आहे. पुराचं काय?

२००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या माणसाला मी वेगळं काय सांगणार. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे. ती ओलांडल्यावर ज्या गल्ल्यांत पाणी येतं, तिथे तळमजल्यावर हा दरवाजा घेऊ नये असं माझं मत आहे. बाहेर तीन फूट पाणी आणि आत कोरडं असेल, तर तीन फूट रुंदीच्या एका झडपेवर साधारण ३८० किलोंचा रेटा येतो. बिजागऱ्या तो सहन करत नाहीत. पाणी ओसरल्यावर ट्रॅकमध्ये बसलेला गाळ तर रोलरसकट सगळं बदलायला लावतो. हौस असेल तर वरच्या मजल्यावर गच्चीकडे उघडणारा घ्या. तळमजल्यावर घ्यायचाच असेल तर वरून लटकता घ्या आणि घर सोडताना तो उघडा ठेवून निघा.

काच किती जाडीची?

टफनच हवी, यात तडजोड नको. काचेचं वजन काढायला सोपं आहे: एक चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. ३ बाय ८ फुटांची झडप म्हणजे सव्वादोन चौरस मीटरच्या जवळ. ८ मिलिमीटर काचेला ४५ किलो होतात, ६ आणि ६ च्या दुहेरी काचेला ६७ किलो. सेक्शनचं वजन त्यावर वेगळं. रोलर किती किलोंचा आहे ते विचारा आणि झडपेच्या वजनाशी ताडून पाहा. दुहेरी काच घेणार असाल तर झडपेची रुंदी पावणेतीन फुटांपर्यंत खाली आणा.

पश्चिमेकडे तोंड असेल तर मोठ्या मापाचा पुन्हा विचार करा. १२ बाय ८ म्हणजे ९६ चौरस फूट काच, आणि एप्रिल-मे मधलं सांगलीचं चारनंतरचं ऊन थेट तिच्यावर. उत्तर किंवा पूर्व मिळत असेल तर तीच बाजू उघडा.

सागवानी केला तर?

दिसायला त्याच्यासारखं काही नाही. पण पावसाळ्यात लाकूड फुगतं, आणि चार झडपा प्रत्येकी एक मिलिमीटर फुगल्या की दार अडतं. पूर्ण वाळलेलं जुनं लाकूड, झडपांमध्ये जास्त फट आणि वर खोल छज्जा असेल तरच करा. अॅल्युमिनियमही उन्हात वाढतं, १२ फुटांना ३० अंशांच्या फरकात अडीच मिलिमीटर, पण चौकटीच्या फटीत ते मावतं.

जाळी आणि माकडं?

जाळी आधीच ठरवा. घडी होणारी प्लीटेड जाळी चौकटीला आतून बसते आणि रुंदीत दोन्हीकडून दीड-दोन इंच खाते. नंतर सुचलं तर ती जागा कुठून आणणार? महाबळेश्वर-पाचगणीकडे माकडं जाळी फाडतात, तिथे स्टीलची जाळी किंवा आतून सरकतं ग्रिल घ्या.

ओपनिंग ६ फुटांचंच आहे. तरी घ्यावा का?

नको. दोन झडपांचं साधं दार उघडलं की ६ फुटांतले जवळपास सगळे मोकळे होतात, खर्चही निम्म्याहून कमी.

परवानगी लागते का?

खोली वाढवायला लागते. साताऱ्यात नगरपालिका, सांगलीत सांगली-मिरज-कुपवाड महापालिका. मागच्या बाजूला सोडायची जागा किती ते आधी पाहा, कारण बाहेर उघडणाऱ्या झडपा आणि छज्जा त्याच जागेत येतात.

ऑर्डर देताना कागदावर काय लिहून घेऊ?

चौकटीचं बाहेरून बाहेर माप मिलिमीटरमध्ये. झडपा किती, कुठल्या बाजूला किती, रोजचं दार कुठलं. आत की बाहेर. उंबरा सपाट की उचललेला. काचेची जाडी, रोलरची किलो क्षमता, जाळी धरली आहे की नाही. चौरस फुटाचा दर ओपनिंगवर आहे की झडपांवर, हेही. आणि हे सगळं आतून पाहून लिहिलं की बाहेरून, ते अगदी वर ठळक लिहा. आतून पाहणाऱ्याचं डावं हे बाहेरून पाहणाऱ्याचं उजवं असतं. छोटं चित्र काढून त्यावर एका बाजूला ‘घर’ आणि दुसऱ्या बाजूला ‘परस’ असं लिहिलंत तर पुढचा घोळ तिथेच टळतो. त्या चित्रावर फॅब्रिकेटरची सही घ्या आणि मगच अॅडव्हान्स द्या.